दहात किती, ते सांग

माझा धाकटा भाऊ संतू आज हातीपायी धड आहे तो लंडनच्या ईलिंग भागातल्या आमच्या घरमालकीणबाईंमुळे. काय घडलं ते पुढं सांगते, पण हे आधी लिहून ठेवते. गोष्ट सांगताना मला फाटे फार फुटतात आणि ज्याचे आभार मानायचे तेच राहून जातात. बाईंचं नाव लिहीत नाही. "नाव घातलंस तर लोक पत्ता विचारत येतील, आणि मला चहा करायचा कंटाळा आहे," असं त्या म्हणाल्या. संतू राहतो त्या बेटाचंही नाव लिहीत नाही, कारण तिथल्या हॉटेलाबद्दल बोलायचं आहे आणि संतूला अजून त्याच बेटावर पोट भरायचं आहे.

मी आठवीत शाळा सोडली. आमचं गाव पाटणच्या वर डोंगरात. नववीचा वर्ग दोन ओढ्यांपलीकडं होता आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर आईला घरात माणूस हवं होतं. लग्न झालं तेव्हा आमचे हे पुण्यात हॉटेलात स्वयंपाकी होते, तिथून लंडनला आले, त्यांच्या व्हिसावर मी आले. इथं मी एका शाळेत सकाळी साफसफाई करते. मला भीती फार. कौन्सिलचं पत्र आलं की भीती, बेल वाजली की भीती, फोनवर कोणी भरभर इंग्रजी बोललं की फोन ह्यांच्या हातात.

खोली बघायला गेलो तेव्हा दार एका बुटक्या म्हातारबाईंनी उघडलं. पांढरे कापलेले केस, पुरुषी कार्डिगन, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा. आम्ही "गुड आफ्टरनून" म्हणायच्या आत त्या मराठीत म्हणाल्या, "पाय पुसा, मग बोला."

त्या मुंबईच्या, माझगावच्या. आपल्याकडच्या ज्यू. आजोळ अलिबागजवळचं. एकोणिसाव्या वर्षी शिकायला इकडं आल्या, त्यामुळं त्यांचं मराठी एकोणिसाव्या वर्षावर थांबलेलं. "अगो" म्हणायच्या, मधेच अख्खं वाक्य इंग्रजीत टाकायच्या आणि मग पुन्हा आजीच्या मराठीवर यायच्या. भाडं, नोकरी, बँकेचे कागद यातलं काही त्यांनी आधी विचारलं नाही. "घरात कोण कोण, आणि कुठं कुठं असतात?" हे विचारलं. मी सांगितलं, आई गावी, आणि एक भाऊ कॅरिबियनमधल्या अमुक बेटावर, हॉटेलात कुक आहे. त्या जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या.

"कुठल्या बाजूला?"

"समुद्राच्या बाजूला."

"अगो, बेटावर सगळंच समुद्राच्या बाजूला असतं. डोंगराच्या कुठल्या बाजूला?"

तिथं डोंगर आहे हेच मला माहीत नव्हतं. खोली आम्हाला मिळाली.

तो डोंगर म्हणजे ज्वालामुखी, आणि बाईंनी नोकरीची बहुतेक वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवण्यात घालवली होती. बेटावर वेधशाळा आहे. जमिनीत बारीक धक्के किती बसतात, डोंगराचं पोट किती फुगलं, वायू किती सुटतोय, हे तिथं रोज मोजतात आणि लोकांना कळवतात. मला वाटायचं ज्वालामुखी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र. बाई म्हणाल्या, "तुझं पाटण कशावर आहे ठाऊक आहे का? सगळा सह्याद्री लाव्ह्याचे थरावर थर आहे. तू ज्या दगडावर कपडे आपटलेस तो एकेकाळी वाहत होता." आमच्या ह्यांना ते पटलं नाही. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या हॉटेलातल्या सगळ्या किचनला सांगितलं.

जिन्याखालच्या कपाटात, जिथं दुसऱ्यांच्या घरी केर ओढायचा हूव्हर असतो, तिथं बाईंनी वेधशाळेतून निवृत्त झालेलं, भूकंप मोजायचं एक यंत्र ठेवलं होतं. गोल फिरणारा रूळ, त्यावर कागद, कागदावर सुईची रेघ. ईलिंगमध्ये भूकंप कुठला व्हायला, पण बाईंना घर त्या रेघेतून कळायचं. लंडनच्या सेंट्रल लाइनची गाडी गेली की बारीक थरथर. कपड्यांचं मशीन फिरायला लागलं की कागदावर झाडी उगवायची. मी कामावरून आले की म्हणायच्या, "आज वर जाताना मधे थांबलीस. कंबर दुखते का?" ह्यांना ते आवडायचं नाही. ते चवड्यांवर जिना चढायचे. बाई त्या दिवशीच्या कागदावर पेन्सिलनं लिहायच्या, "मांजर, ऐंशी किलो."

घरभर त्यांनी स्वतः लिहिलेल्या पाट्या होत्या आणि सगळ्या एकाच पद्धतीच्या. वर काय करायचं, खाली का करायचं. 'नळ अर्धाच फिरवा. पुरा फिरवला तर हात भाजेल.' 'कचऱ्याचा बिन बुधवारी बाहेर काढा. गुरुवारी काढलीत तर कोल्हा जेवेल.' दर महिन्याच्या एक तारखेला त्या धुराचा अलार्म वाजवायच्या आणि हातात घड्याळ घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. आम्ही दोघं पासपोर्टाचा डबा घेऊन, पायात बूट घालून खाली येईपर्यंत घड्याळ बंद व्हायचं नाही. चपला घालून आलं तर परत वर.

"ईलिंगमध्ये कुठला डोंगर फुटणार आहे बाई?" ह्यांनी एकदा विचारलं.

"तुझा टोस्टर," बाई म्हणाल्या.

'बहुतेक' हा शब्द त्या घरात चालायचा नाही. मी म्हणाले, "आज बहुतेक उशीर होईल," की लगेच, "दहात किती?" म्हणजे अशा दहा दिवसांतले किती दिवस उशीर होतो. सुरुवातीला मला वाटायचं परीक्षा घेतायत. नंतर मी सांगायला लागले. "सात, बाई." "मग जेवण झाकून ठेवते."

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आणि शनिवारी चूल नाही, गाडी नाही, लिहिणं नाही. पण बेटावरच्या वेधशाळेचं रोजचं बातमीपत्र शनिवारीही मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावायच्या. "डोंगर शब्बाथ पाळत नाही," म्हणायच्या. "आम्ही कोकणातले शनिवार तेली. पणजोबांनी शनिवारी घाणा बंद ठेवला. त्यांच्या घाण्याखाली लाव्हा नव्हता."

वाचायला लावायचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला मला अजून थोडं अवघड जातं.

बाईंनी शिकवलेली माणसं आता त्या वेधशाळेत होती. लोकांसाठी काही सूचना काढायची असली की तिचा खर्डा ही मंडळी बाईंना पाठवायची. एका दुपारी मी स्वयंपाकघर पुसत होते तेव्हा बाईंनी हाक मारली आणि इंग्रजीतली चार वाक्यं वाचून दाखवली.

"कळलं?"

"कळलं," मी म्हणाले.

"काय कळलं? परत सांग."

मला एक शब्द सांगता येईना. आता या म्हणणार, असल्या अडाणी भाडेकरणी नकोत, असं वाटून मी फडकं पिळत उभी राहिले. बाईंनी लाल पेन घेतलं आणि त्या चार वाक्यांवर आडवी काट मारली. "तू चुकली नाहीस. वाक्य चुकलं. आता तिथं संतू आहे असं समज. मी मराठीत सांगते, मग तू संतूला कसं सांगशील ते सांग."

डोंगरमाथ्यावर पाऊस पडला तर राखेचा चिखल ओढ्यांतून धडाधडा खाली येतो, आणि खाली ऊन असतं त्यामुळं कोणाला पत्ता लागत नाही, असं ते प्रकरण होतं. ओढ्यांशी आमची ओळख जुनी. मी म्हणाले, "ओढा कोरडा असला तरी त्याच्या काठी झोपू नका. पाऊस तुम्हाला दिसणार नाही."

बाईंनी ते इंग्रजीत केलं आणि पाठवून दिलं. त्या दिवसापासून रोज तीन वाजता मला बोलावणं, वाचायला आणि परत सांगायला. पाहुण्यांना त्या माझी ओळख करून द्यायच्या, "ही माझी आठवी. वेधशाळेत एवढं चांगलं उपकरण नाही." मला आधी लाज वाटायची. मग कधीतरी वाटेनाशी झाली.

हे वेड त्यांना कुठून लागलं तेही सांगते. आमच्या जिन्याच्या वळणावर फ्रेम करून एक कागद टांगला होता. त्यांनीच वेधशाळेत तरुण असताना लिहिलेली सूचना. मराठीत ती साधारण अशी होते: 'उत्तरेकडील निचरामार्गांत उष्ण प्रवाहांची संभाव्यता वाढलेली असून नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' सूचना बरोबर होती. वेळेवर होती. रेडिओवर दोनदा वाचली गेली. उत्तरेच्या दरीत एक अंडीवाली राहायची, दर मंगळवारी वेधशाळेत अंडी द्यायची आणि बाईंना एक जास्तीचं ठेवायची. रेडिओ ऐकून ती शेजारणीला म्हणाली, "आपल्या वेधशाळेतल्या बाईंनी काय सुरेख इंग्रजी लिहिलंय," आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. शेजारीण वाचली म्हणून हे कळलं.

"कागद माझ्याकडं आहे," बाई म्हणाल्या. "चौकशी झाली तेव्हा सगळे म्हणाले, तुमची चूक नाही. मी तो समोर टांगला."

संतूशी मी रोज दुपारी, वाचन आटपलं की बाईंच्या स्वयंपाकघरातूनच बोलायची. आमच्याकडं साडेतीन म्हणजे त्याच्याकडं सकाळ, लंचच्या आधीची. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडायची. त्याचं ठरलेलं उत्तर, "मजेत आहे आक्का." माझं ठरलेलं, "काळजी घे रे." मग मी आईला फोन करून सांगायची, संतू मजेत आहे. आमच्या घरात अशीच रीत. वडिलांचं दुखणं वाढलं तेव्हाही मला आठ दिवस कोणी कळवलं नव्हतं, मी घाबरेन म्हणून.

त्या दिवशी बाई समोर बटाटे सोलत होत्या.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"कोथिंबीर धुतोय."

"आजही? काल पण धूतच होतास."

"हल्ली चार पाण्यांनी धुवावी लागतीय."

बाईंचा चाकू थांबला. "बाळ, शेवटच्या पाण्याचा रंग कसला असतो?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला. "करडा, बाई."

मग सगळं बाहेर आलं. आठ दिवस राख पडत होती. पाहुण्यांच्या खोल्या उंचावर, वारा लागतो म्हणून. नोकरांच्या खोल्या हॉटेलामागं खाली घळीत. वेधशाळेनं घळीत राहणाऱ्यांनी वरच्या शाळेत हलावं असं सांगितलं होतं, पण मॅनेजर म्हणाला होता, आपलं हॉटेल नकाशावरच्या धोक्याच्या लाल रेघेच्या बाहेर आहे, गवगवा करू नका, पाहुणे पळतील. हॉटेल रेघेबाहेर होतं. घळ आत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरतीस."

बाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडं बातमी घरोघरी गोड होत जाते. तिथं राख पडते, इथं तिची कोथिंबीर होते, आईपर्यंत पोचेस्तोवर पुलाव झालेला असतो." मग फोनकडं बोट केलं. "सांग त्याला."

मी म्हणाले, "संतू, नीट काळजी घे रे बाबा."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "काळजी कुठल्या कपाटात असते, काढून घ्यायला? त्याला पाय कुठं ठेवायचा ते सांग."

मी भाजी बाजूला सारली. मग सांगितलं. "संध्याकाळच्या आत घळीतनं नीघ. वर शाळेपर्यंत चालत जा. पासपोर्ट, पाणी, तोंडाला बांधायला फडकं. आता परत सांग." तो हसत हसत परत बोलला, तरी सगळं बोलला. बाईंनी त्याला आकडाही सांगितला. "डोंगर या आठवड्यात घळीकडं येईल, असं दहात दोन. माझा अंदाज आहे. इशारा वेधशाळेचा, तोच खरा."

तो पाच दिवस शाळेच्या फरशीवर झोपला. काही झालं नाही. राख थांबली, इशारा खाली आला, संतू परत गेला, आणि मॅनेजरनं त्याला स्वयंपाकावरून काढून भांड्यांवर टाकलं. त्यानं फोन केला तो चिडूनच. "तुझ्या बाईंना सांग, डोंगर त्यांचं ऐकत नाही. इथं मला सगळे ज्योतिषी म्हणतात."

मी रडकुंडीला आले. भावाची नोकरी माझ्यामुळं जाणार असं वाटलं. बाईंनी फोन मागून घेतला. मला वाटलं समजूत काढतील.

"संतू, तुझं नुकसान झालं. आणि तुला सांगितलं त्यात चूक नव्हती. दोन्ही खरं आहे. दहात दोन म्हटलं की दहात आठ वेळा माणूस चिडूनच परत येतो. वेधशाळेनं पुन्हा हलायला सांगितलं तर हलशील का? नाही म्हणालास तरी चालेल. पण हो म्हणून तिथंच बसू नकोस."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सांगा, बाई. हलेन."

पुढं सव्वा महिन्यानं एका बुधवारी दुपारी बाईंनी झाडूच्या दांड्यानं छताला तीन ठोके दिले. खाली आले तर त्या कोट घालून बसल्या होत्या. घरातल्या घरात. वेधशाळेनं इशारा वर नेला होता. घळी, ओढे रिकामे करा.

"दहात किती?" मी विचारलं.

"पाच. फोन लाव."

या वेळी मला कोणी शिकवावं लागलं नाही. संतूही हसला नाही. परत बोलून दाखवलं आणि म्हणाला, "आक्का, रेडिओवर पण सांगतायत. ओढा कोरडा असला तरी काठी झोपू नका म्हणे. कुणीतरी आपल्यासारखं माणूस बसवलंय तिथं." बाई माझ्याकडं बघत होत्या.

त्यानं पुढं काय केलं ते मला नंतर कळलं. एकेका खोलीत जाऊन त्यानं प्रत्येकाकडून वदवून घेतलं, कुठं जाणार, काय नेणार. लॉन्ड्रीतला म्हातारा "येस येस" म्हणाला आणि इस्त्री करत राहिला. संतू दारात उभा राहिला. "येस नको. कुठले बूट घालणार ते सांगा." म्हाताऱ्याचे बूट मागं वाळत होते. संतूनं ते आणून दिले आणि त्यानं नाड्या बांधेपर्यंत तो हलला नाही.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डोंगराच्या माथ्याचा तुकडा सुटला आणि तापलेली राख, दगड, वायू यांचा लोट घळीतून खाली आला. असल्या लोटापुढं पळून उपयोग नसतो. आम्हाला बातमी मिळाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि संतूचा फोन लागत नव्हता.

मी चार तास बाईंच्या स्वयंपाकघरात बसले. हे किचनमधून सुट्टी मागून आले आणि माझ्या शेजारी नुसते बसून राहिले. मी बाईंना परत परत विचारत होते, "तो बरा असेल ना?" दुसरं कोणीही म्हणालं असतं, असेल गं. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. शाळेत असेल तर बरा आहे."

"आणि शाळेत असेल ना?"

"दहात नऊ."

"नऊ कशावरून?"

"त्यानं परत बोलून दाखवलं होतं."

त्या नऊला धरून मी बसले. आजवर कोणी मला इतका पक्का धीर दिलेला नाही, आणि तो पुरा दहाचा नव्हता म्हणूनच मला तो खरा वाटला.

पाच वाजून गेल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. "आक्का, मी शाळेत आहे. घळीतले सगळे शाळेत आहेत. लॉन्ड्रीवाले पण." मागून मॅनेजरचा आवाज येत होता. तोही शाळेतच होता. नोकरांच्या खोल्यांच्या जागी छपरसुद्धा दिसत नाही, असं संतू म्हणाला.

आईला मी त्या वेळी सगळं सांगितलं, राखेसकट. ती रडली, पण नंतर म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

मेणबत्त्यांची वेळ व्हायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात उठून बाईंनी पोहे भिजत घातले. ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळांचे काप. त्यांच्याकडं मोठ्या संकटातून कोणी सुटलं की हा मलिदा करतात. "प्रार्थना म्हणायला दहा माणसं लागतात," म्हणाल्या. "आपण तीन आहोत, पण देव मोजायला बसणार नाही." अंडीवाली गेल्यापासून त्यांनी तो केला नव्हता. खोबरं किसून किसून बोटं सोलली होती. ह्यांनी तीनदा वाढून घेतला.

याला आता वर्ष होऊन गेलं. बाईंची नजर फार कमी झाली आहे, कपाटातल्या कागदावरची रेघ त्यांना दिसत नाही. रोज तीन वाजता मी कोण कधी आलं-गेलं ते रेघेवरून वाचून दाखवते आणि बातमीपत्रही वाचते. मी कॉलेजात संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाते. गेल्या महिन्यात त्यांनी जिन्यावरची ती फ्रेम काढायला लावली आणि कागद माझ्या हातात दिला.

"हा परत लिही. तुझ्या इंग्रजीत."

मी सातव्यांदा लिहिते आहे. पहिले सहा त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतले आणि मलाच खोडायला लावले.

परवा मी त्यांना म्हणाले, "बाई, तुमचे उपकार मी कधीतरी फेडीन."

"कधीतरी म्हणजे काय करशील? परत सांग."

म्हणून नीट सांगितलं, आणि इथंही लिहिते. हा कागद मी पुरा करीन. तो घेऊन संतूकडं जाईन. उत्तरेच्या दरीत, जिथं अंडीवालीचं घर होतं आणि आता केळी आहेत, तिथं आम्ही दोघं उभे राहू आणि मी तो मोठ्यानं वाचीन. संतू तो माझ्यामागं परत बोलून दाखवील. तिथूनच, बाई, तुम्हाला फोन लावीन, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल.

बाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"दहात किती?"

"नऊ," मी म्हणाले. "एक व्हिसासाठी राखून ठेवलाय."